पांडाजमध्ये अंकी कॉलमचं प्रमाण विचलन: रक्कम गायब, नमपायशी उत्तर जुळत नाही

प्रश्न
पांडाज (पायथनमधली तक्त्यांवर काम करणारी लायब्ररी) २.० वर डीएफ.एसटीडी() (डीएफ म्हणजे माझा तक्ता, एसटीडी म्हणजे प्रमाण विचलन, आकडे सरासरीपासून किती पसरलेत ते) चालवलं की 'कुड नॉट कन्व्हर्ट स्ट्रिंग टू फ्लोट' अशी एरर येते. जुन्या १.x वर हाच कोड चालायचा. न्यूमेरिक_ओन्ली=ट्रू (फक्त अंकी कॉलम घ्या) दिल्यावर एरर गेली, पण 'रक्कम' कॉलम उत्तरातच नाही. शिवाय 'गुण' कॉलममध्ये २, ४, ४, ४, ५, ५, ७, ९ आहेत, त्याचं विचलन पांडाज २.१३८ देतं, नमपाय (पायथनचीच गणिताची लायब्ररी) २.०. बरोबर कोणतं?

उत्तर १
आधी एररचं. १.x मजकुराचे कॉलम परस्पर वगळायचं. २.० पासून न्यूमेरिक_ओन्ली मुळात फॉल्स असतं, म्हणून नाव-गाव आलं की गणित अडतं.

'रक्कम' गेली कारण तो कॉलम अंकी नाहीच. डीएफ.डीटाइप्स (कॉलमचे प्रकार) बघा, ऑब्जेक्ट म्हणजे मजकूर दिसेल. फाइलमध्ये "१,२५,०००" असा स्वल्पविराम असला की सगळा कॉलम मजकूर म्हणून वाचला जातो. रीड_सीएसव्ही मध्येच थाउजंड्स=',' द्या. टू_न्यूमेरिक(..., एरर्स='कोअर्स') थेट लावू नका: स्वल्पविराम असलेल्या सगळ्या रकमा गुपचूप एनएएन (रिकामी नोंद) होतील आणि उरलेल्या लहान रकमांवरच विचलन निघेल. लावायचंच असेल तर स्वल्पविराम काढून लावा, आणि आधी व नंतर इझएनए().सम() ने रिकाम्या नोंदी मोजा.

उत्तर २
दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, फक्त भाजक वेगळा. सरासरी ५, फरकांच्या वर्गांची बेरीज ३२. नमपाय ८ ने भागतं, वर्गमूळ २. पांडाज ७ ने भागतं, म्हणून २.१३८. डीडॉफ म्हणजे भाजकासाठी नोंदींच्या संख्येतून किती वजा करायचे; पांडाजमध्ये ते मुळात १, नमपायमध्ये ०. आठही विद्यार्थी म्हणजेच अख्खा वर्ग असेल तर डीडॉफ=० द्या; मोठ्या गटातून निवडलेला नमुना असेल तर १ राहू द्या. कोणतंही घ्या, पण कोडमध्ये स्पष्ट लिहा. सायकिट-लर्न या मशीन लर्निंगच्या लायब्ररीतला स्टँडर्डस्केलर (आकडे एका मापात आणणारं साधन) ० वापरतो, तिथेही हाच घोळ होतो.

उत्तर ३
ग्रुपबाय (ओळींचे गट पाडून हिशोब) करणार असाल आणि डीडॉफ १ असेल तर एकाच ओळीच्या गटाला एनएएन येईल, कारण भाजक शून्य होतो. तिथे फिलएनए(०) करून रिकाम्या जागी शून्य भरू नका. शून्य म्हणजे 'फरक नाही', आणि एका आकड्यावरून ते कळत नाही.

आणि पिनकोड, हजेरी क्रमांक हेही अंकीच धरले जातात. त्यांच्या विचलनाला अर्थ नाही, तेव्हा न्यूमेरिक_ओन्लीवर विसंबण्यापेक्षा हव्या त्या कॉलमची यादीच द्या: डीएफ[['गुण', 'रक्कम']].एसटीडी(डीडॉफ=०).