कोबॉलमधील सातवा आणि बहात्तरावा रकाना: एडिटरमध्ये टॅब कसा बसवावा?

प्रश्न

ओळीतल्या प्रत्येक रकान्याचे (अक्षराच्या जागेचे) काम ठरलेले असते अशा जुन्या मांडणीत, कोबॉल या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला वेतनाचा एक प्रोग्राम माझ्याकडे देखभालीसाठी आला आहे. तो लिनक्सवर ग्नू-कोबॉल या कंपायलरने कंपाइल होतो. व्हिम या एडिटरमध्ये टॅबची रुंदी ४ ठेवून मी त्यात काही ओळींची भर घातली. एक टॅब आणि दोन स्पेस दिल्यावर कॉमेंटची चांदणी (*) पडद्यावर बरोबर सातव्या रकान्यात दिसते, तरी कंपायलर त्या ओळीवर चूक दाखवतो. त्याहून गंभीर प्रकार असा की, शेवटी १५०० मिळवणारे एक विधान विनातक्रार कंपाइल झाले आणि प्रत्यक्षात १५च मिळवले गेले. टॅब दाबल्यावर कर्सर ७, ८ आणि १२ या रकान्यांवरच थांबेल, अशी सोय करता येते का?

पहिले उत्तर

सोय करता येते, पण आधी कारण पाहू. ग्नू-कोबॉल टॅबची रुंदी मुळात ८ धरतो, त्यामुळे तुम्हाला सातव्या रकान्यात दिसणारी चांदणी त्याच्या लेखी अकराव्यात असते. १५०० चे १५ होण्यामागेही बहुधा हेच गणित असावे. ओळीच्या आरंभी तीन टॅब असतील, तर तुमच्या पडद्यावर त्यांची रुंदी १२ आणि कंपायलरसाठी २४ होते. म्हणजे ६२व्या रकान्यात संपलेली ओळ त्याच्यासाठी ७४व्यात संपते, आणि ७२च्या पुढचे काहीही तो वाचत नाही. दोन शून्ये तिथेच गळली. ओळ ७२च्या पुढे गेल्याचा इशारा मिळवण्यासाठी ‘कॉलम-ओव्हरफ्लो’ हा पर्याय वेगळा मागावा लागतो, कारण ‘सर्व इशारे’ मागितले तरी तो त्यांत येत नाही.

७३ ते ८० हे रकाने पंच कार्डाच्या काळात ओळखखुणेसाठी राखलेले होते आणि पहिले सहा ओळीच्या क्रमांकासाठी. गंमत म्हणजे, आयबीएमच्या ०२९ या कार्ड पंच यंत्रात ड्रमवर गुंडाळलेले एक कार्ड ठरावीक रकान्यांवर आपोआप उडी मारण्याची व्यवस्था करत असे. तुम्ही मागता ती सोय तेव्हाही होती, आणि त्या उडीने कार्डावर टॅब नावाचे कोणतेही चिन्ह उमटत नसे. माझ्या मते आजही हाच नियम पाळावा: टॅबची की खुशाल वापरावी, पण टॅबचे चिन्ह फाइलमध्ये जाऊ देऊ नये.

दुसरे उत्तर

व्हिममध्ये ‘टॅबस्टॉप’ ८ ठेवा, ‘एक्स्पांडटॅब’ (टॅबऐवजी स्पेस घालणारा पर्याय) चालू करा आणि ‘व्हारसॉफ्टटॅबस्टॉप’ला ६,१,४ ही किंमत द्या. हे आकडे रकान्यांचे क्रमांक नसून अंतरे आहेत: सहा जागा सोडल्या की सातवा रकाना, आणखी एक सोडली की आठवा, मग बारावा, आणि शेवटचे अंतर पुढेही लागू राहत असल्याने सोळावा. ‘व्हारटॅबस्टॉप’ हा मिळताजुळता पर्याय टाळा, कारण तो आधीच्या टॅबचे दिसणेही बदलतो आणि कंपायलर काय पाहतो ते पुन्हा झाकले जाते. ‘कलरकॉलम’ला ७ आणि ७३ दिल्यास दोन्ही सीमा रंगीत दिसतील.

ही मांडणी फक्त कोबॉलच्या फाइलींपुरती ठेवा. मेकफाइलमध्ये (प्रोग्राम बांधण्याच्या आज्ञांची फाइल) आज्ञेच्या ओळीआधी खराखुरा टॅबच लागतो.

तिसरे उत्तर

इमॅक्स हा एडिटर वापरणाऱ्यांनी ‘टॅब-स्टॉप-लिस्ट’मध्ये ६, ७, ११, १५ लिहावे. तिथे अंतरे नसून रकानेच द्यायचे असतात, पण मोजणी शून्यापासून होत असल्याने प्रत्येक आकडा एकाने कमी येतो. ‘इंडेंट-टॅब्ज-मोड’ बंद ठेवावा, म्हणजे फाइलमध्ये टॅबऐवजी स्पेस जातील. व्हीएस कोड या एडिटरमध्ये मूळची टॅबची रुंदी सगळीकडे एकसारखीच असते. केवळ ‘रूलर्स’ने उभ्या रेषा आखता येतात. या कामासाठी मला ते अपुरे वाटते.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

आभारी आहे. नव्या ओळी आता योग्य बसतात. मात्र आधी घातलेले टॅब कसे काढावेत? शिवाय ‘एकूण वेतन’ असे देवनागरी शीर्षक छापणारी एक ओळ सत्तराव्या रकान्याच्या आत दिसूनही तुटते आहे.

दुसऱ्या उत्तराचे लेखक

तुम्ही त्या ओळी ४ रुंदीने लिहिल्या, म्हणून ‘टॅबस्टॉप’ तात्पुरता ४ करून ‘रीटॅब’ (टॅबच्या जागी स्पेस घालणारी आज्ञा) चालवा आणि नंतर तो पुन्हा ८ करा. क्रम चुकला, तर चुकीची मांडणीच कायम होईल. अवतरणातले टॅबही त्यात बदलतात, तेवढे तपासून घ्या.

देवनागरीचा दोष टॅबचा नाही. ग्नू-कोबॉल रकाने बाइटमध्ये मोजतो आणि यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रेसह, तीन बाइट घेते. ‘एकूण’ हा शब्द पडद्यावर तीन जागा व्यापतो, पण फाइलमध्ये बारा बाइट. व्हिमच्या तळाशी ‘रूलर’मध्ये दोन आकडे जोडून दिसतात, त्यांतला पहिला बाइटचा असतो, तो ओळीच्या शेवटी ७२च्या आत येईल अशा बेताने शीर्षक पुढच्या ओळीवर न्यावे.