अपसाइड, अपसाइड म्हणून बेंच किती वर्षं सडवणार? (ऑगस्ट 2025)

एडिसनचे_तात्या
काल 'शेवटचा_राऊंड' यांनी आपल्या फँटसी फुटबॉल लीगच्या ग्रुपवर (एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉलमधले खरे खेळाडू ड्राफ्टमध्ये एकेका राऊंडला निवडायचे, मग त्यांच्या खेळावर आपले पॉइंट) ज्ञान वाटलं: "सहाव्या राऊंडनंतर फक्त अपसाइड घ्यायचा. आठवड्याला नऊ-दहा पॉइंट देणारे म्हातारे बेंचवर ठेवणारे लोक चौथे येण्यासाठीच खेळतात." रात्री गप्प बसलो. सकाळी चहा घेतानाही डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय.

अपसाइड म्हणजे नक्की काय हो? मला तर ते स्थळ सांगताना म्हणतात ना, 'मुलगा होतकरू आहे', तसं वाटतं. होतकरू म्हणजे सध्या काही करत नाही.

2023 ला मी कोल्ट्सचा क्वार्टरबॅक (म्हणजे पास फेकणारा) अँथनी रिचर्डसन घेतला, आठव्या राऊंडला. धावतो, लांब फेकतो, वय एकवीस. चार सामन्यांत खांदा गेला. 2024 ला पुन्हा घेतला, तोही पाचव्या राऊंडला, कारण दुधानं तोंड पोळलं तरी मी ताक फुंकून पीत नाही. ऑक्टोबरमध्ये ह्यूस्टनविरुद्ध हा पठ्ठ्या एका प्लेसाठी स्वतःहून मैदानाबाहेर गेला. का, तर दम लागला! मी इकडे सोफ्यावर बसून घामाघूम. मोसमभरात त्याचे निम्मेसुद्धा पास पूर्ण झाले नाहीत. आणि आता गेल्या आठवड्यात कोल्ट्सनी त्याला बाजूला करून डॅनियल जोन्सला पुढं केलं. डॅनियल जोन्सला!

याउलट डेरिक हेन्री. तिशीचा, संपला म्हणत होते सगळे. गेल्या मोसमात 1921 यार्ड धावला, 16 टचडाऊन. म्हातारा म्हणे.

शेवटचा_राऊंड
तात्या, नाव घेऊन लिहिलंत ते बरं केलंत. पण हेन्री सहाव्या राऊंडनंतर मिळाला होता का तुम्हाला? दुसऱ्यात गेला आपल्याकडे. मी दहाव्या-बाराव्या राऊंडबद्दल बोलतोय आणि तुम्ही उदाहरण देताय दुसऱ्यातलं. रिचर्डसन पाचव्यात घ्या असंही मी कधी म्हटलेलं नाही, ती तुमची हौस.

साधा हिशोब आहे. नऊ पॉइंटवाला रिसीव्हर (पास झेलणारा) कुठल्याही आठवड्यात वेव्हरवर, म्हणजे कुणी न घेतलेल्यांच्या यादीत, फुकट पडलेला असतो. फुकट मिळणाऱ्या मालासाठी ड्राफ्टमधलं पिक (निवड) का जाळायचं? बाराव्या राऊंडचा पोरगा फसला तर पहिल्या आठवड्यातच सोडून द्या, नुकसान शून्य. लागला तर लीग खिशात. 2023 ला मी शेवटच्या राऊंडला पुका नाकुआ घेतला तेव्हा सगळे खिदळलात, नावसुद्धा धड उच्चारता येत नव्हतं कुणाला. 105 कॅच, 1486 यार्ड. तेव्हा नवख्या खेळाडूचा विक्रम.

बोरिवली_ते_बोस्टन
आला पुका! दोन वर्षं झाली, याचं पुकापुराण संपत नाही. बारशाला गेलो तरी ऐकावं लागतं. 2024 च्या शेवटच्या राऊंडला काय घेतलं होतंस ते नाही सांगत कधी.

पण मुद्दा अर्धा बरोबर आहे, नाइलाजानं कबूल करतो. फक्त 'वय कमी, पाय जोरात' म्हणजे अपसाइड नव्हे. पुढं दार उघडणार आहे का ते बघायचं. पुका लागला कारण रॅम्सचा मुख्य रिसीव्हर कूपर कपचा हॅमस्ट्रिंग मोसमाआधीच गेला होता आणि क्वार्टरबॅक स्टॅफर्डला कुणाकडे तरी फेकायचंच होतं. पहिल्याच सामन्यात 10 कॅच, 119 यार्ड. त्याच वर्षी चेंडू घेऊन धावणारा कायरन विल्यम्स लागला, कारण रॅम्सनी त्याच जागेवरच्या कॅम एकर्सला आधी बसवलं, मग मिनेसोटाला पाठवून दिलं. दोघेही खऱ्या एनएफएल ड्राफ्टमधले पाचव्या राऊंडचे पोरगे, कुणी त्यांना भावी राजे वगैरे म्हणत नव्हतं. दार उघडलं, हे आत शिरले.

आत्ताही तेच चालू आहे. परवा वॉशिंग्टननं चेंडू घेऊन धावणाऱ्या ब्रायन रॉबिन्सनला सॅन फ्रान्सिस्कोला धाडलं आणि त्याच टीमच्या, एनएफएल ड्राफ्टमधल्या सातव्या राऊंडच्या क्रॉस्की-मेरिटच्या मागं सगळं गाव लागलं. आठवडाभरापूर्वी तो फँटसी ड्राफ्टमध्ये शेवटच्या राऊंडला मिळत होता.

डलासची_वहिनी
दार उघडलं तरी आपण त्या वेळी घरी असायला हवं ना! गेल्या वर्षी मार्व्हिन हॅरिसन ज्युनिअर घेतला, दुसऱ्या राऊंडला. एनएफएल ड्राफ्टमध्ये चौथा गेलेला, बाप हॉल ऑफ फेममध्ये, याहून जास्त अपसाइड कुठून आणायचा? पहिला सामना: एक कॅच, चार यार्ड. म्हणजे 1.4 पॉइंट. मी चिडून दुसऱ्या आठवड्यात त्याला बसवला. तर त्यानं पहिल्याच क्वार्टरमध्ये 130 यार्ड आणि दोन टचडाऊन केले. 29 पॉइंट माझ्या बेंचवर. तेवढ्याच फरकानं नाही, पण हरले. मग दर आठवड्याला लावला, तर तसा सामना पुन्हा झालाच नाही.

आणि ते अपसाइड-बिपसाइड राहू द्या. यंदाचा ड्राफ्ट 27 ऑगस्टला कुणी ठेवलाय? त्या दिवशी गणेश चतुर्थी आहे.

कमिशनर_भाऊ
वहिनी, मतदान घेतलं होतं. सात मतं बुधवारला पडली.

डलासची_वहिनी
सातही पुरुषांची. 2022 लाही हेच केलंत, ड्राफ्ट चतुर्थीलाच होता. अमेरिकेतल्या ईस्टर्न वेळेनं रात्रीचे आठ म्हणजे माझ्याकडे सात. ताटात निरांजन, एका हातात फोन, आरती दुसऱ्या कडव्यावर, तेवढ्यात सासूबाईंनी फोन काढून घेतला. ऑटोपिकनं (आपण वेळेत निवडलं नाही की सिस्टीमच निवडते) तिसऱ्या राऊंडला मला काइल पिट्स दिला. अख्ख्या मोसमात 28 कॅच! घरी अजून 'पिट्स' म्हटलं की मुलं हसतात.

बोरिवली_ते_बोस्टन
प्री-रँक करून, म्हणजे आवडीची यादी आधीच लावून ठेवायचं ना मग. दहा मिनिटांचं काम आहे.

डलासची_वहिनी
एकवीस मोदक वळताना करते हं. तुमच्या घरी कोण वळतं? की बोस्टनला मोदक आपोआप येतात?

बोरिवली_ते_बोस्टन
फ्रोझन. आणि मला लाज नाही.

एडिसनचे_तात्या
फ्रोझन मोदक आणि अपसाइड, दोन्ही एकाच माणसांना आवडतात बघा. बाहेरून चकचकीत, आत काय ते उकडल्यावर कळतं.

सॅन_होजेचा_बंड्या
सॉरी, पण सण दहा दिवसांचा, ड्राफ्ट दोन तासांचा. आमच्याकडे तेव्हा संध्याकाळचे पाच असतात, मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून पिक टाकतो. मी कधी तक्रार केली? दर वर्षी हे सणांचं रडगाणं. ज्यांना खेळायचंय ते वेळ काढतात.

डलासची_वहिनी
बंड्या, तोंड सांभाळ. गेल्या वर्षी सेमीफायनलला मी तुला 41 पॉइंटनी हरवलं होतं. रडगाणं कोण गात होतं तेव्हा?

कोथरूडकर
मी पहाटे साडेपाचला उठतो या ड्राफ्टसाठी. घरचे विचारतात, मॅच आहे का? मी म्हणतो नाही, मॅच असणाऱ्या माणसांचा लिलाव आहे. ते म्हणतात, आयपीएलचा? मग मी पांघरूण ओढून घेतो. तुमच्या 27 च्या रात्री आमच्याकडे 28 ची पहाट, चतुर्थी आटोपलेली असते, तरी वहिनींना पाठिंबा. आणि जाता जाता, ज्यात पायानं चेंडू मारतात त्याला फुटबॉल म्हणतात.

शेवटचा_राऊंड
धागा अपसाइडचा होता, एवढी आठवण करून देतो. आणि तात्या, तुमच्या लाडक्या म्हाताऱ्या रिसीव्हरबद्दल, माइक इव्हान्सबद्दल बोलला नाहीत अजून, तब्येत बरी आहे ना?

एडिसनचे_तात्या
तुम्हीच काढलंत. 2014 ते 2024 सलग अकरा मोसम हजार यार्डांच्या वर. गेल्या वर्षी तीन सामने दुखापतीत गेले, तरी शेवटच्या सामन्याच्या शेवटच्या प्लेवर नऊ यार्डांचा पास झेलून 1004 वर नेलं. 2023 ला आपल्याच लीगमध्ये तो सातव्या राऊंडपर्यंत पडून होता, कारण तुम्ही सगळे होतकरूंच्या मागं. मी घेतला. 13 टचडाऊन.

शेवटचा_राऊंड
आणि त्या वर्षी तुम्ही कितवे आलात?

एडिसनचे_तात्या
चौथा.

बोरिवली_ते_बोस्टन
😂😂

एडिसनचे_तात्या
हसा. दोन सामने माझे बाय वीकनं (टीमच्या सुट्टीच्या आठवड्यानं) गेले, तेव्हा बेंचवर तुमच्या सल्ल्यानं घेतलेले तीन होतकरू होते. तिघांचे मिळून सहा पॉइंट. बरं, एवढं मानतो की तेराव्या-चौदाव्या राऊंडला म्हातारा घेण्यात अर्थ नाही. सहाव्यापासून मात्र नाही म्हणजे नाही.

शेवटचा_राऊंड
दहाव्यापासून म्हणा, मिटवून टाकू.

एडिसनचे_तात्या
बाराव्या. भाजी नाही घेत आहे मी.

कमिशनर_भाऊ
ड्राफ्ट रविवार 31 ला हलवतोय, ईस्टर्न आठ.

डलासची_वहिनी
त्या दिवशी गौरी येतात.

कमिशनर_भाऊ
शनिवार 30, ईस्टर्न आठ. यापुढं कुणी कॅलेंडर दाखवलं तर ऑटोपिक लावीन.

एडिसनचे_तात्या
शनिवार चालेल. आणि आधीच सांगून ठेवतो, शेवटच्या राऊंडला क्रॉस्की-मेरिट माझा. आम्हीही बघू अपसाइड काय असतो ते.

शेवटचा_राऊंड
तात्या, तो आता आठव्याच्या पुढं राहतोय होय?