खेळाडूने दान करावं की सरकारला जाब विचारावा?

तिसरा पंच:
खेळाडू दान करतात त्याचं कौतुक आहेच, पण चांगला नागरिक म्हणून मला इंग्लंडचा फुटबॉलपटू मार्कस रॅशफर्ड जास्त पटतो. २०२० मध्ये कोरोनामुळे इंग्लंडमधल्या शाळा बंद होत्या. गरीब मुलांना शाळेतल्या जेवणाऐवजी व्हाउचर मिळत होती, ती उन्हाळी सुट्टीत थांबणार होती. गडी आधीच अन्नवाटपासाठी निधी गोळा करत होता, तेवढ्यावर थांबला असता तरी कोणी नावं ठेवली नसती. पण त्याने जूनमध्ये सगळ्या खासदारांना जाहीर पत्र लिहिलं: आई पूर्णवेळ राबायची, तरी भागायचं नाही, मीही असल्याच जेवणावर वाढलो. नाही म्हणणारं सरकार दोन दिवसांत नमलं. सुमारे १३ लाख मुलांची सहा आठवड्यांची सोय झाली, खर्च १२ कोटी पौंड. हे एका खेळाडूच्या खिशाचं काम आहे का?

सरळ बॅट:
हीच तर अडचण आहे. ज्याला कोणी निवडून दिलं नाही त्याच्या पत्रावर तिजोरी उघडायची? आज मागणी रास्त होती, उद्या दुसरा लोकप्रिय माणूस भलतंच मागेल. त्यापेक्षा अमेरिकेचा बास्केटबॉलपटू लेब्रॉन जेम्स बरा. २०१८ मध्ये त्याच्या फाउंडेशनने अमेरिकेतल्या अक्रन शहरात मागे पडलेल्या मुलांसाठी शाळा सुरू करून दिली. ना मोर्चा, ना पत्र.

तिसरा पंच:
ती शाळा अक्रनच्या सरकारी शिक्षणव्यवस्थेतली आहे हो. फाउंडेशन वरची मदत करतं, शाळा चालते मुख्यतः करदात्यांच्या पैशावर. आणि जेम्स काही गप्प बसणाऱ्यांतला नाही, कृष्णवर्णीयांच्या मतदान हक्कासाठी त्याने २०२० मध्ये मोहीम उभी केली होती.

आडवा बोळ:
दोघांनाही एक विचारतो. फुटबॉलपटू द्रोग्बाने २००५ मध्ये ड्रेसिंग रूममध्ये गुडघे टेकून कॅमेऱ्यासमोर शस्त्रं खाली ठेवा म्हटलं आणि आयव्हरी कोस्टचं यादवी युद्ध थांबलं, ही गोष्ट सगळे चघळतात. करार झाला मार्च २००७ मध्ये, तोही वाटाघाटींतून. २०१० च्या निवडणुकीनंतर पुन्हा रक्तपात झालाच. खेळाडूला उगाच देव्हाऱ्यात बसवू नका. मात्र २००७ च्या जूनमध्ये राष्ट्रीय संघाचा सामना बंडखोरांच्या बुआके शहरात खेळवला गेला, त्यामागे तो होता. त्याला मात्र दाद.

सरळ बॅट:
म्हणूनच म्हणतो, खेळावं, ऐपतीप्रमाणे द्यावं, बाकी निवडून आलेल्यांनी बघावं.

तिसरा पंच:
मग अमेरिकेचा बॉक्सर मोहम्मद अली, त्याचं काय करायचं? १९६७ मध्ये व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात जायला नकार दिला. किताब गेला, पाच वर्षांची शिक्षा झाली. अपिलामुळे तुरुंग टळला, पण ऐन उमेदीची साडेतीन वर्षं रिंगबाहेर गेली. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. तेव्हा निम्मा देश त्याला शिव्या घालत होता.

सरळ बॅट:
अली मान्य, त्याने किंमत मोजली. रॅशफर्डने काय गमावलं? उलट मानसन्मान मिळाला.

तिसरा पंच:
गमावलं तरच खरं, हा कुठला नियम? त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पुढच्या सुट्ट्यांतही मुलांच्या जेवणाची सोय करायचा प्रस्ताव संसदेत ३२२ विरुद्ध २६१ ने पडला. 'निवडून आलेल्यांनी' बघितलं ते असं. तो मागे हटला नाही, आणि नोव्हेंबरमध्ये त्याच सरकारने हिवाळ्यासाठी पैसे काढले.

आडवा बोळ:
ही आकडेवारी आधी द्यायची ना राव. सरळ बॅट, आता बोला.