मदत हवी आहे: ब्लूबेरीचा फुलोरा करपलाय, झुडपं उपटू की थांबू?

नमस्कार मंडळी,

मी मूळचा रावेरचा, केळीवाल्या घरातला. सध्या कॅनडात, ब्रिटिश कोलंबियातल्या ॲबट्सफर्डजवळ आठ एकर ब्लूबेरी करतो. तीन वर्षांपूर्वी चालू बाग घेतली. पाच एकर ड्यूक जात, बाकी ब्लूक्रॉप. आजूबाजूचे बागायतदार बहुतेक पंजाबी, मराठी माणूस औषधालासुद्धा नाही, म्हणून इथे विचारतोय.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात ड्यूक भर फुलात होती. पूर्वेकडच्या एका ओळीत चार झुडपांची फुलं दोन-तीन दिवसांत तपकिरी पडली. गळली नाहीत, वाळून तशीच लटकली आहेत. जवळची कोवळी पानं करपली, काही काड्यांचे शेंडे मेले. आधी वाटलं गारठा. पण एकाच झुडपाच्या दोन फांद्या जळालेल्या आणि तिसरी हिरवीगार, असा कुठला गारठा? फुलावरची बुरशी म्हणावी तर राखाडी लव दिसत नाही. आता आकडा अकरावर गेलाय, आणि अकराही त्याच ओळीत, एकमेकांना लागून. फुटव्यावर पानं उलटून पाहिली तर हिरवट मावा.

शेजारचे काका बांधावरूनच म्हणाले, "स्कॉर्च है, पुट्ट दे." म्हणजे हा स्कॉर्च नावाचा विषाणूरोग आहे, उपटून टाक. वडिलांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं, तर त्यांनी झाड न ओळखताच सांगितलं, "हा तर हरण्याचा भाऊ दिसतो, मावा मार आधी." आमच्याकडे केळीवर हरण्या हा विषाणूरोग आला की खोड उपटून लांब नेऊन पुरतात, त्याचं कोणाला फार वाटत नाही. पण केळीचा हिशोब दीड वर्षाचा. ब्लूबेरी पूर्ण भरात यायला सहा-सात वर्षं जातात. उपटायला हात धजत नाही.

दुसरीकडे वाचलं की शॉक नावाचा आणखी एक विषाणू आहे, त्यातून झुडूप आपोआप सावरतं. दोघांची लक्षणं फुलोऱ्यात सारखीच. मग ओळखायचं कसं? आणि आत्ता फवारलं तर? मधमाश्यांच्या पेट्या अजून बागेत आहेत.

एक गोष्ट लपवत नाही. दोन वर्षांपूर्वी त्याच ओळीत नांग्या भरल्या होत्या, म्हणजे रिकाम्या जागी नवी रोपं लावली होती. रोपं ओळखीतून स्वस्तात मिळाली, प्रमाणपत्र वगैरे काही नव्हतं.

प्रतिसाद

मी ओरेगॉनमध्ये ब्लूबेरीच्या बागेवर कामाला आहे. आमच्याकडे शॉक भरपूर. त्यात फुलं-पानं एकदम जातात, झुडूप मेल्यासारखं दिसतं, मग नवा फुटवा येतो आणि उन्हाळा संपेपर्यंत कोणी म्हणणार नाही की काही झालं होतं. फक्त त्या वर्षी फळ नाही. एक ते चार वर्षांत झुडूप सावरतं आणि पुढे नीट पिकतं, विषाणू मात्र आत राहतोच. तो माव्याने नाही, परागकणांतून पसरतो, म्हणजे वाहतूक मधमाश्यांकडे. तिथे झुडपं उपटणं म्हणजे फुकटचं नुकसान.

स्कॉर्चमध्ये सावरणं नाही. वाळकी फुलं उन्हाळाभर लटकतात, उत्पन्न दरवर्षी घटतं, काही जातींत झुडूप मरतं. पण नुसतं बघून ठरवू नका, मीही एकदा चुकलोय. कोवळी पानं आणि फुलं तपासायला द्या. तुमच्या ॲबट्सफर्डमध्येच प्रांतिक सरकारची वनस्पती रोगनिदान प्रयोगशाळा आहे, अगदी हाकेच्या अंतरावर!

प्रतिसाद

वडिलांचं "हरण्याचा भाऊ" आवडलं. विषाणू वेगळे, पण पसरण्याची रीत खरंच एक. मी किडींवर काम करते, म्हणून थोडं लांबण लावते.

मावा रोगट पानात सोंड खुपसून चव घेतो तेव्हा विषाणू सोंडेच्या टोकाला चिकटतो. पुढच्या झुडपावर पुन्हा चव घेतली की काम झालं, याला काही मिनिटं पुरतात. विषाणू त्याच्या अंगात मुरत नाही, थोड्या वेळात निघूनही जातो. म्हणून बाहेरून उडत आलेला मावा तुमच्या फवाऱ्याने मरेपर्यंत लागण करून मोकळा झालेला असतो. फवारणीचा उपयोग बागेतली वस्ती कमी ठेवायला. तुमची अकरा झुडपं लागून आहेत, ते बहुधा बिनपंखी माव्याचं चालत जाणं.

फुलोऱ्यात कीटकनाशक अजिबात नको. पेट्या हलल्या, पाकळ्या गळल्या की मग. आणि उपटायचं ठरलं तर आधी त्या झुडपांवरचा मावा मारा, नाहीतर उपटताना तो शेजारच्यांवर उतरेल. मुळं-बुडखा सगळं काढा, राहिलेल्या मुळातून फुटवा येतो आणि तो रोगटच असतो. नत्र जरा हात राखून द्या, कोवळ्या लुसलुशीत शेंड्यांवर मावा तुटून पडतो.

नांग्यांच्या रोपांवर माझा संशय आहे. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला एक-दोन वर्षं जातात. तुमच्या फ्रेझर खोऱ्यात स्कॉर्च 2000 साली पहिल्यांदा सापडला, तेव्हापासून तिथे बिनकागदाची रोपं घेणं म्हणजे जुगारच. (मिशिगनमध्ये शूस्ट्रिंग म्हणून आणखी एक आहे, तोही माव्याचाच, तो तर चार वर्षं लपून बसतो.)

प्रतिसाद

स्वस्तातली रोपं! आमच्याकडे डाळिंबात याच हौसेपायी तेल्या रोग घरी आणलेले लोक आहेत. असो, मीठ चोळत नाही.

धागाकर्ता

चोळा, हक्क आहे तुमचा.

सगळ्यांचे आभार. तपासणी झाली. दहा नमुने दिले होते, सहा जळालेल्या झुडपांचे आणि चार त्याच ओळीतल्या धडधाकट दिसणाऱ्यांचे. जळालेली सहाही स्कॉर्च. शॉक एकातही नाही. धक्का पुढे आहे: धडधाकट चारपैकी एक झुडूप, नांगीतलंच, स्कॉर्च निघालं. फुलं पांढरीशुभ्र, फळ धरलेलं, वर एक डाग नाही.

परवा पेट्या गेल्या. काल त्या ओळीवर आणि दोन्ही बाजूंच्या ओळींवर फवारणी केली, उद्या बाराही झुडपं मुळासकट काढतोय. काकांनी छोटं खोदयंत्र देऊ केलंय. वडिलांना सांगितलं तर म्हणाले, "मग आठवडा कशाला घालवला?"

आता नवा प्रश्न. नांगीची आणखी नऊ रोपं त्या ओळीत आहेत, आणि त्यांच्या शेजारची जुनी झुडपं वेगळीच. सगळ्यांचे नमुने द्यायचे, की नऊ रोपं न तपासताच काढून फक्त शेजाऱ्यांची तपासणी करायची? आज लागण झालेलं झुडूप लगेच तपासणीत सापडतं का, की पुढच्या फुलोऱ्यापर्यंत थांबावं लागेल? किडीवाल्या ताई, जमलं तर सांगा. ड्यूकची तोडणी जूनअखेरीस सुरू होते, मजूर आले की मला बागेकडे मान वर करून बघायला वेळ नसतो.