कुदळ विकायची, तर मुळा लावायचा कसा?

सत्तरीकर: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं, "परसात खणणं म्हणजे गांडुळांचा खून. कुदळ विका, पाचोळा पसरा. जंगल कोण नांगरतं?" अहो, जंगलात तांबडी भाजी पिकते का? आमच्याकडे वीतभर मातीखाली जांभ्याचे चिरे. पाऊस सरला की जमीन अशी आवळते की टिकाव उडतो. त्यात न खणता मुळा येतो म्हणणाऱ्याने आधी मुळा दाखवावा.

फोंड्याची माळीण: "कुणीतरी" कशाला? मीच लिहिलं. आवळते, कारण उघडी टाकता. आणि भुसभुशीत केलेली माती आपल्या गोव्यातल्या तीन हजार मिलिमीटर पावसात कुठे जाते? जूनमध्ये गटारातलं तांबडं पाणी बघा.

सत्तरीकर: पावसात कोण खणतं? आम्ही दिवाळीच्या सुमारास खणतो.

फोंड्याची माळीण: मग भेंडी-दोडक्याचे वाफे मे महिन्यात भुतं करतात वाटतं.

डिचोलीचा मास्तर: लव्हाळ्यावर, त्या चिवट तणाबद्दल, दोघंही गप्प! कुदळीने त्याच्या जमिनीतल्या गाठींची साखळी तुटते आणि सुटलेल्या गाठींना नवे कोंब फुटतात. पाचोळ्याला तर तो जुमानतच नाही.

काणकोणकरीण: लव्हाळा परवडला. पाचोळ्याखालच्या आफ्रिकन गोगलगायींचं काय? रात्री बॅटरी घेऊन पाचोळा उचलला, तर खाली साबुदाण्यासारखी अंडी. वांग्याची रोपं सकाळी नुसते दांडे. शेवटी मीठ फेकलं.

फोंड्याची माळीण: वाफ्यात मीठ?! गोगलगायी मरतील, वांगीही मरतील. हातमोजे घालून वेचा, साबणाच्या पाण्यात टाका.

काणकोणकरीण: वेचून सरतील तर ना! शेजारी बंद व्हिला, मालक नाताळाला उगवतो, कंपाउंडात पुरुषभर रान. सगळं लटांबर तिथूनच येतं. पंचायतीत सांगितलं तर म्हणे, खाजगी जागा.

डिचोलीचा मास्तर: आमच्याकडेही तेच. वर आमच्याच पाचोळ्याचा धूर होतो म्हणून तक्रार!

सत्तरीकर: पाचोळा जाळता? मास्तर, तुम्ही?

डिचोलीचा मास्तर: आंब्याचा पाचोळा कुजायला वर्ष घेतो. तुम्ही या न्यायला.

फोंड्याची माळीण: येते. पोती भरून ठेवा. जाळणाऱ्यांनी लव्हाळ्यावर प्रवचन देऊ नये.

सत्तरीकर: बरं बाई, मिरचीचा वाफा यंदा खणत नाही, पाचोळाच घालतो. आपली कृपा. पण मुळा खणूनच. माती मोकळी नसली की त्याला दोन पाय फुटतात, ते बाजारात कोण घेतं?

फोंड्याची माळीण: मुळ्याचं मान्य, तेवढंच. मिरचीच्या बुंध्याला पाचोळा चिकटवू नका. वाळवी लागली की माझ्या नावाने शंख कराल.