नुसता डॅशबोर्ड म्हणजे डीएसएस नव्हे

रावपुरा_टॉवर

भिंतभर पडदा, त्यावर पळणारे आकडे, लाल-हिरवे ठिपके. कंट्रोल रूम असो, कारखाना असो की हॉस्पिटल, हल्ली अशा प्रत्येक पडद्याला निविदेत ‘डिसिजन सपोर्ट सिस्टिम’ म्हणतात. म्हणजे डीएसएस, निर्णयाला आधार देणारी प्रणाली. माझ्या मते त्यातले बहुतेक डीएसएस नाहीत. आणि ते आहेत असं समजून एकदा पैसे मोजले, की जी गोष्ट खरंच हवी होती ती पुढे कोणी मागतही नाही.

आधी व्याख्या. १९७१ मध्ये गॉरी आणि स्कॉट मॉर्टन या एमआयटीच्या दोघांनी निर्णयांची विभागणी मांडली. तिचं मूळ, माणसं निर्णय कसे घेतात याचा अभ्यास करणाऱ्या हर्बर्ट सायमन यांच्या विचारात होतं. काही निर्णयांचा नियम शेवटपर्यंत लिहून ठेवता येतो: पगारपत्रक, गोदामातला माल किती उरला की पुन्हा मागवायचा, वगैरे. तिथे यंत्र एकटं पुरतं. काही निर्णयांना नियमच नसतो. या दोन्हींच्या मधे एक मोठा पट्टा आहे, जिथे अर्धं काम हिशेबाचं आणि अर्धं तारतम्याचं असतं. डीएसएसची जागा या पट्ट्यात आहे. हिशेब यंत्राने करायचा, तारतम्य माणसाने वापरायचं, आणि दोघांची देवाणघेवाण होईल अशी सोय करायची.

रचनेबद्दल राल्फ स्प्रेग यांनी १९८० मध्ये जे लिहिलं ते आजही बहुतेक पाठ्यपुस्तकांत सापडतं. डीएसएसचे तीन भाग: डेटा, मॉडेल आणि संवाद. डेटा काय घडलं ते सांगतो, मॉडेल काय घडेल ते सांगतं, आणि संवादामुळे वापरणाऱ्याला हवा तो प्रश्न हव्या त्या क्रमाने विचारता येतो. भिंतीवरच्या पडद्यात पहिला भाग असतो, दुसरा जवळजवळ कधीच नसतो, आणि तिसऱ्याच्या नावाने रंग बदलायचं बटण असतं.

आता आपल्या बडोद्याचं घ्या. पावसाळ्यात इथे घरोघरी दोन आकडे विचारले जातात: आजव्याच्या जलाशयाची पातळी किती, आणि काळाघोड्याच्या पुलाला विश्वामित्री नदी किती. ऑगस्ट २०२४ च्या पुरानंतर तर लहान मुलंही विचारतात. आजव्याचं पाणी शहराला प्यायला लागतं, म्हणून पावसाळा संपताना तो भरलेला हवा. पण भरलेल्या जलाशयात पुराचं पाणी सामावायला जागा नसते. लवकर सोडलं आणि पाऊस थांबला, तर प्यायचं पाणी गेलं. उशिरा सोडलं, तर ते पाणी आणि शहरावर पडलेला पाऊस नदीत एकाच वेळी पोचतात. खाली विश्वामित्री जिला मिळते ती ढाढर नदी तुडुंब असेल तर निचराही होत नाही.

यात हिशेबाचा भाग मोठा आहे. एवढ्या पावसाचं किती पाणी येईल, ते शहरात यायला किती तास लागतील, पुलाखाली किती चढेल. आणि प्यायच्या पाण्याची किती जोखीम घेऊन किती वस्त्या वाचवायच्या, हा तारतम्याचा भाग. म्हणजे हा नमुन्यादाखल मधल्या पट्ट्यातला निर्णय झाला. इथे आत्ताची पातळी मोठ्या अक्षरांत दाखवणारा पडदा काय कामाचा? अधिकाऱ्याला विचारता आलं पाहिजे की आत्ता इतकं सोडलं तर पहाटे काळाघोड्याला किती होईल, तीन तास थांबलो तर किती, आणि पावसाचा अंदाज निम्माच खरा ठरला तर किती. याचं उत्तर देत नसेल त्याला मी डीएसएस म्हणणार नाही.

अलकापुरी_डेटा

टॉवर, उदाहरण पटलं, व्याख्या पटली नाही. तुम्ही सगळं क्षेत्र मॉडेलच्या दावणीला बांधताय. स्टीव्हन आल्टर यांनी १९८० मध्ये प्रत्यक्षात वापरात असलेल्या प्रणाली तपासून सात प्रकार मांडले. त्यातला पहिलाच प्रकार म्हणजे फाइलमधली नोंद झटकन काढून देणारी साधी प्रणाली. डॅनियल पॉवर यांच्या पाच प्रकारांतही डेटावर चालणारा, कागदपत्रांवर चालणारा, आणि माणसांना एकमेकांशी जोडून देणारा असे तिन्ही प्रकार आहेत. मॉडेलवर चालणारा हा पाचांपैकी एक.

आणि सायमन यांचं नाव घेतलंत म्हणून सांगतो. त्यांनी निर्णयाचे टप्पे सांगितले तेव्हा पहिला टप्पा परिस्थिती ओळखण्याचा ठेवला, मग पर्याय रचणं, मग निवड. आपल्याकडे बहुतेक घोडं पहिल्याच टप्प्यावर अडतं. वरच्या भागात किती पाऊस झाला हे खाली वेळेवर कळलं, तर अनुभवी माणूस पुढचं बरोबर करतो. त्या माणसाला खरी पातळी दर पंधरा मिनिटांनी दाखवणारा पडदा दिला तर तो निर्णयाला आधार नाही? मॉडेलबद्दल तर मला भीतीच वाटते. दोन दशांशांपर्यंत उत्तर आलं की लोक त्यावर विश्वास ठेवतात, मग आत टाकलेला पावसाचा अंदाज कितीही कच्चा असो.

ओपीडीतून

मी दोघांच्याही विरुद्ध बोलणार आहे. तारतम्य माणसाकडेच ठेवायचं हे कोणी ठरवलं?

आमच्या क्षेत्रातलं जुनं उदाहरण आहे. लीड्समध्ये डी डोंबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अचानक पोटात दुखू लागलेल्या ३०४ रुग्णांवर संगणकाची चाचणी घेतली. १९७२ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. संगणकाचं निदान ९१.८ टक्के वेळा बरोबर, सर्वांत ज्येष्ठ डॉक्टरांचं ७९.६ टक्के. तेव्हाच्या संगणकावर, साध्या संभाव्यतेच्या गणिताने! अॅपेंडिक्स आहे की नाही हा टॉवर यांच्या मधल्या पट्ट्यातलाच प्रश्न. तिथे माणसाला ‘आधार’ देत बसण्यापेक्षा यंत्राचं ऐकलं असतं तर काही पोटं विनाकारण उघडली गेली नसती. पट्ट्याच्या सीमा पन्नास वर्षांपूर्वीच्या आहेत. काल जे तारतम्य होतं ते आज गणित झालंय, आणि व्याख्या मात्र तिथेच राहिलीय.

रावपुरा_टॉवर

डॉक्टर, सीमा सरकते हे मान्य, गॉरी आणि स्कॉट मॉर्टनही तेच म्हणत होते. पण तुमचंच उदाहरण पुढे न्या. त्या यंत्रात जे भरलं गेलं ते डॉक्टरांनीच ठरावीक फॉर्मवर नीट विचारून, पोट तपासून लिहिलेलं होतं. दुखणं कुठे सुरू झालं, कुठे सरकलं, दाबल्यावर काय होतं, हे बघणारा हात काढून टाकला तर ९१.८ टक्क्यांतलं काय उरेल? निदान झाल्यावरही ऐंशी वर्षांच्या, हृदय कमजोर असलेल्या आजोबांना भूल द्यायची का, हा प्रश्न राहतोच. त्याचं उत्तर त्या यंत्राच्या कोष्टकात नाही.

स्टॅनफर्डचा मायसिन आठवा. सत्तरच्या दशकात जंतुसंसर्गावर औषध सुचवणारा प्रोग्रॅम. त्याला ‘का विचारतोस?’ असा उलट प्रश्न करता यायचा आणि तो आपला नियम दाखवायचा. संवाद म्हणतो तो हा. रोजच्या वापरात तो कधी आलाच नाही हे खरं. तरी यंत्राला कारण विचारायचा हक्क वापरणाऱ्याचा आहे, हे त्याने आपल्याला शिकवलं.

अलकापुरी, आल्टर आणि पॉवर यांच्या याद्या मला माहीत आहेत. ती जे-जे बाजारात आहे त्याची वर्गवारी आहे. एखाद्या ठिकाणी काय बसवायला हवं होतं हे त्या यादीवरून ठरत नाही.

कालवा_उपविभाग

सिंचन खात्यात नोकरी झाली, आता निवृत्त आहे. तुम्ही तरुण मंडळी व्याख्येवर भांडताय ते चांगलंच आहे, पण कोणी हे विचारत नाही की मॉडेल बसवल्यावर त्याला सांभाळतो कोण.

पाण्याच्या नोंदी आणि नियोजनासाठीच्या हायड्रॉलॉजी प्रोजेक्टच्या दुसऱ्या टप्प्यात रुडकीच्या राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेमार्फत नऊ राज्यांसाठी नियोजनाचा डीएसएस तयार झाला होता. गुजरात त्यात होतं, महाराष्ट्रातलं उर्ध्व भीमा खोरं होतं. टॉवर म्हणतात तशी पूर्ण रचना होती: नोंदींचा साठा, खोऱ्याचं मॉडेल, पर्याय तुलना करून पाहायची सोय. म्हणजे आपल्याकडे हे होतच नाही असं कोणी म्हणू नये. पण तो नियोजनासाठी, म्हणजे हंगामाचं पाणी कसं वाटायचं त्यासाठी. पुराच्या रात्री लागतो तो वेगळा, त्याला तासातासाचा पाऊस लागतो.

आणि मुख्य मुद्दा. मॉडेलमध्ये नदी म्हणजे ठरावीक अंतरावर घेतलेले पात्राचे आडवे छेद, म्हणजे तिथे पात्र किती रुंद आणि किती खोल याची मापं. २०२५ च्या उन्हाळ्यात विश्वामित्री खोल आणि रुंद केली. म्हणजे २०२४ च्या पुरावर जुळवलेलं कोणतंही मॉडेल, आणि जुन्या पातळ्यांवरून शिकलेलं कोणतंही यंत्र, आज दुसऱ्याच नदीचं उत्तर देईल. गाळ पुन्हा साचणार, काठ ढासळणार, छेद पुन्हा बदलणार. दर वर्षी पावसाळ्याआधी छेद घ्यायला माणसं लागतात, पैसे लागतात. निविदेत पडद्याचे इंच लिहिलेले असतात, छेदांचं कलम नसतं. स्प्रेगसाहेबांच्या तीन भागांत चौथा घाला: देखभाल. तो नसेल तर मॉडेल असलेल्या डीएसएसपेक्षा मॉडेल नसलेला पडदा परवडला, निदान तो खोटं बोलत नाही. इथे मी अलकापुरीच्या बाजूने आहे.

मांजलपूरची_सून

काका, तुमचं बरोबर आहे, पण सगळे एकाच खोलीबद्दल बोलताय. पाणी सोडायचा निर्णय एक साहेब घेतो. सासूबाईंना वर कधी न्यायचं, गाडी कुठे लावायची, गॅस कधी बंद करायचा, हे निर्णय २०२४ च्या पुराच्या रात्री शहरभर हजारो घरांत घेतले गेले. आम्हाला काय मिळालं? काळाघोड्याचा आकडा. आमच्या गल्लीत त्या आकड्याचा अर्थ काय, हे शेजारच्या आजींना विचारावं लागलं, कारण त्यांना आधीचे पूर आठवत होते.

तुमच्या व्याख्येत निर्णय घेणारा म्हणजे कायम मॅनेजर. काळाघोड्याला अमुक फूट असेल तर आमच्या सोसायटीच्या फाटकात किती, एवढं एकच गणित मोबाइलवर मिळालं तर तो माझ्यासाठी डीएसएस. त्यात पुरात नदीतून वस्तीत येणाऱ्या मगरींची सूचनाही हवी, ती बडोद्याची गरज आहे.

अलकापुरी_डेटा

ताई, तुम्ही मागताय त्यात मॉडेल आहेच, फक्त ते लहान आहे. जॉन लिटल यांनी १९७० मध्ये लिहिलं होतं की वापरणारा मॉडेल उचलेल ते साधं, सहज हाताळता येणारं आणि भलतंच उत्तर न देणारं असेल तरच. मला वादात हेच आणायचं होतं. मोठं मॉडेल बांधायच्या नादात साधं काहीच मिळत नाही.

ओपीडीतून

सूचना पाठवताना एक लक्षात ठेवा. औषधांच्या धोक्याच्या सूचना देणाऱ्या प्रणालींचा २००६ मध्ये आढावा घेतला गेला. डॉक्टरांनी ४९ ते ९६ टक्के सूचना बाजूला सारल्या होत्या. सतत वाजणारी घंटा कोणी ऐकत नाही. दर अर्ध्या तासाला मोबाइल वाजला तर तिसऱ्या पावसात लोक तो बंद करतील. यंत्राने कधी गप्प राहायचं, हेही रचनेत धरा.

आणि टॉवर, भूल द्यायचा निर्णय माझाच, हे मी नाकारत नाही. पण मी यंत्राविरुद्ध गेलो तर तशी नोंद राहायला हवी, कारणासकट. तुमच्या साहेबांचीही राहू दे.

रावपुरा_टॉवर

नोंद हवीच. यंत्राने काय सुचवलं, साहेबांनी काय केलं, का केलं, आणि सकाळी काळाघोड्याला प्रत्यक्ष किती आलं, हे चारही एका ओळीत. काकांना छेदांची चूक त्यातूनच दिसेल, कारण अंदाज आणि प्रत्यक्ष यांतला फरक वाढत गेलेला आढळेल. पण ‘सुचवलं काय’ हा रकाना भरायला आधी सुचवणारं काहीतरी हवं, म्हणून मॉडेलचा आग्रह मी सोडत नाही.

ताईंचं फाटक मात्र मी मोठ्या मॉडेलच्या आधी घेईन. त्याला लागणाऱ्या पुराच्या पाण्याच्या खुणा अनेक सोसायट्यांच्या भिंतींवर २०२४ पासून आहेत, पुन्हा रंग लागायच्या आत त्या मोजून घ्यायला हव्यात.

कालवा_उपविभाग

मोजताना टेप जमिनीपासून लावू नका, जमीन सगळीकडे सारखी नसते. जवळचा सर्वेक्षणाचा कायम खुणेचा दगड शोधा आणि तिथून लेव्हल आणा. माझ्याकडे ऑटो लेव्हल (उंचीतला फरक मोजायची दुर्बीण) आणि स्टाफ (उभी मोजपट्टी) दोन्ही आहेत. रविवारी सकाळी चालेल.