शब्दचर्चा: सस्पेंड आणि रिझ्यूम

लिनक्स या संगणकप्रणालीची पुस्तिका मराठीत आणतोय. चालू प्रोग्रॅम मध्येच थांबवणं आणि नंतर तिथूनच पुढे नेणं, या दोन क्रियांना शब्द हवेत. तूर्त ‘निलंबित करणे’ आणि ‘पुनरारंभ’ लिहिलंय. कसं वाटतं?

— ‘निलंबित’ नको हो. चौकशी लागलेला कर्मचारी डोळ्यांपुढे येतो. प्रोग्रॅमने काय गुन्हा केलाय?

— माझी हरकत दुसऱ्या शब्दाला आहे. पुनरारंभ म्हणजे परत पहिल्यापासून. तो रीस्टार्टला राहू द्या. मोठ्या व्हिडिओचं रूपांतर चालू असताना मी कंट्रोल-झेड दाबतो. ‘स्टॉप्ड’ अशी ओळ उमटते, प्रॉम्प्ट, म्हणजे पुढची आज्ञा टाइप करायची जागा, हाती येतो. मधलं काम उरकून ‘एफजी’ ही आज्ञा दिली की ४० टक्क्यांवर थांबलेलं रूपांतर ४१ वर जातं, शून्यावर नाही. मालिकेच्या भागाखाली आपण ‘पुढे चालू’ छापतो ना, तेच हे. एफजी दिल्यावर प्रोग्रॅमला जाणारा सिग्नल, म्हणजे इशारा, तोही ‘सिगकॉन्ट’ म्हणजे कंटिन्यूचाच आहे.

— पटलं. मग आधीच्या क्रियेला साधं ‘थांबवणे’ का नको?

— कारण कंट्रोल-सीनेही प्रोग्रॅम थांबतो, पण सहसा कायमचा. नवखी मंडळी कंट्रोल-झेड दाबून प्रोग्रॅम बंद झाला असं धरून चालतात आणि तो मेमरी अडवून बसलेला असतो. मला ‘तहकूब’ आवडेल. तहकूब सभा मोडत नाही. उरलेले विषय घेऊन ती पुन्हा भरते.

— मेनूत ‘तहकूब करा’? पोरं दचकतील.

— दचकू देत. दोनदा वाचलं की रुळेल.

— मात्र तहकूबसाठी ‘खोळंबलेला’ वापरू नका, तो वेगळा. कीबोर्डकडून किंवा डिस्ककडून काही येण्याची वाट पाहतो तो खोळंबलेला. प्रोग्रॅमची यादी दाखवणाऱ्या ‘पीएस’ या आज्ञेत त्याच्यापुढे एस किंवा डी हे अक्षर दिसतं. तहकूब झालेल्यापुढे टी. तो कशाचीच वाट पाहत नाही, सिगकॉन्ट येईपर्यंत त्याला सीपीयूच मिळत नाही.

— छान, ‘तहकूब’ आणि ‘पुढे चालू’ घेतो. पण ‘बीजी’ ही आज्ञा दिली की काम पुढे चालू होतं तेही मागे, म्हणजे बॅकग्राउंडला! हे वाक्य कसं लिहू?

— ‘पडद्याआड पुढे चालू’. आणि एफजीला ‘समोर आणणे’ म्हणा, म्हणजे दोन ‘पुढे’ एकमेकांत अडकणार नाहीत.